उजनीच्या पाण्यात छोटी बोट नांगरताना

सोलापुरात पावसाळ्यात दोन माणसं भेटली की चहा येईपर्यंत उजनी धरणातल्या पाण्याचा टक्का निघतोच. प्लसमध्ये आली का, दौंडची आवक किती, हे विचारायला इथं कुणाला पाटबंधारे खात्यात नोकरीला असावं लागत नाही. नळाला पाणी किती दिवसांआड येणार आणि उसाला पाळी मिळणार का, हे त्या एका आकड्यावर अवलंबून असतं. काही जणांनी हौसेनं फायबरची किंवा हवा भरायची छोटी बोट घेतलेली असते. मासे धरायला, पक्ष्यांचे फोटो काढायला ते फुगवट्यात उतरतात. त्यांनी हा टक्का आणखी एका कारणासाठी पाहायला हवा. बोट एका जागी उभी करायची तर नांगराला दोर किती सोडायचा, ते त्यावरून ठरतं.

उजनी शून्य टक्क्यावर आली म्हणजे कोरडी पडली असं नव्हे. धरणाचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी. त्यातला जवळजवळ 64 टीएमसी मृत साठा, आणि टक्के मोजतात ते त्याच्या वरच्या साडेत्रेपन्न टीएमसीवर. शून्य टक्क्याला पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 491.03 मीटर असते, शंभर टक्क्यांना 496.83 मीटर. मधलं अंतर 5.8 मीटर, म्हणजे जवळपास दोन मजले. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेलं होतं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यानं शंभरी ओलांडली. मे महिन्यात जिथं वल्हं तळाला टेकत होतं, तिथं ऑगस्टमध्ये दुमजली घर बुडावं एवढं पाणी होतं. जागा तीच, बोट तीच, नांगरही तोच, पण मे महिन्यात भरपूर वाटलेला दोर ऑगस्टमध्ये तळापर्यंत जेमतेम पोचतो. नांगर सुटून बोट वाहत जाते तेव्हा बहुतेक वेळा दोष नांगराचा नसतो, दोर कमी सोडलेला असतो.

दगड टाकला तर काय बिघडतं?

नवशिके हमखास विचारतात, की मच्छीमार तर सरळ दगडाला दोर बांधून टाकतात, मग आम्हाला हा फाळाचा नांगर कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर हिशेबानंच देऊ.

पाण्यात बुडालेली वस्तू तिनं बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकी हलकी होते. आपल्याकडचा काळा पाषाण पाण्याच्या जेमतेम तिप्पट जड. त्यामुळे काठावर 10 किलो भरलेला दगड तळाशी साडेसहा किलोचा उरतो. काँक्रीटच्या ठोकळ्याचं नुकसान आणखी मोठं, तो पावणेसहा किलोवर येतो. लोखंड त्या मानानं बरं, 10 किलोचे साधारण पावणेनऊ किलो राहतात. शिवाय चिखलावरून दगड फरपटत न्यायला त्याच्या वजनाएवढाही जोर लागत नाही. म्हणजे धापा टाकत बोटीत चढवलेला तो 10 किलोचा दगड पाच-सहा किलोच्या ओढीला हलायला लागणार.

आता दुसऱ्या बाजूला वारा किती ओढतो ते पाहू. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल नावाची तिकडची मानकसंस्था आहे. तिच्या तक्त्यात 20 फुटी बोटीसाठी ताशी 28 किलोमीटर वाऱ्याला सुमारे 41 किलोची ओढ धरली आहे. वारा ताशी 55 किलोमीटरवर गेला की तीच ओढ 163 किलोंची होते. वारा दुप्पट झाला तर ओढ चौपट होते, हे इथं मनात पक्कं करून ठेवावं. तक्त्यातले आकडे सुरक्षेसाठी चढे धरलेले आहेत आणि तुमची बोट 14 फुटांची असेल तर ते उतरतील, तरी पाच-सहा किलोच्या आसपास काही येणार नाहीत. आणि ताशी 28 किलोमीटर म्हणजे वादळ नव्हे. धूळ उडते, झाडांच्या बारीक फांद्या हलतात, एवढाच तो वारा. जून-जुलैतल्या दुपारी आपल्याकडे तो रोजचाच.

मग मच्छीमाराचं दगडावर कसं भागतं? त्याची होडी पाण्याला चिकटून असते, वाऱ्याला अडायला तिच्यावर काही उभं नसतं. तो स्वतः होडीतच असतो. खालचा तळ त्याला ठाऊक असतो आणि वारा उठला की तो दगड वर घेऊन काठाला लागतो. आपण मात्र बोटीला छप्पर लावतो, चार पाहुणे बसवतो आणि डबा उघडून गप्पा मारत बसतो.

नांगर धरतो कसा

नांगराचं काम वजनावर होत नाही, कोनावर होतं. दांड्याला आडवी ओढ बसली की फाळ तळात शिरतो, आणि जितकं ओढावं तितका खोल जातो. ओढ वरच्या दिशेनं आली की तोच फाळ उचकटून बाहेर येतो. चार किलोचा नांगर नीट रुतला तर शेकडो किलोंची ओढ सोसतो, आणि उभा ओढला तर एक माणूस हातानं त्याला वर घेतो. नांगर पक्का बसवायची आणि सहज काढायची, दोन्ही युक्त्या या एकाच गोष्टीतून आल्या आहेत.

ओढ आडवी कशी करायची? दोर लांब सोडून. बोट वर आहे आणि नांगर खाली, त्यामुळे दोर तिरपा असणारच. तो किती तिरपा असेल हे खोलीच्या किती पट दोर सोडला त्यावर ठरतं. तिप्पट सोडला तर ताणलेला दोर तळाशी सुमारे 20 अंशांचा कोन करतो. पाचपट सोडला तर साडेअकरा अंश, सातपट सोडला तर आठ, दहापट सोडला तर पावणेसहा. तिपटीवरून पाचपटीवर गेलं की मोठा फरक पडतो, सातवरून दहावर जाताना थोडाच. म्हणूनच जगभर एक साधा हिशेब रूढ आहे: वारा मंद असेल आणि बोटीत माणूस जागा असेल तर पाचपट, एरवी सातपट, आणि हवा बिघडायला लागली की दहापट. दोराऐवजी संपूर्ण साखळी असेल तर यापेक्षा कमी चालतं, पण छोट्या बोटीवर एवढी साखळी कुणी वाहत नाही.

खोली कुठून मोजायची इथं बरेच जण फसतात. दोर पाण्याच्या पृष्ठभागावरून सुटत नाही, बोटीच्या पुढच्या कडीपासून सुटतो. ती कडी पाण्याच्या वर पाऊण मीटर असेल तर तेवढं खोलीत मिळवायचं. खोल पाण्यात याचा फारसा फरक पडत नाही. उथळ पाण्यात मात्र हिशेब पार बदलतो. समजा रोहित पक्षी पाहायला तुम्ही दीड मीटर पाण्यात उभे आहात. दीडच्या सातपट म्हणून साडेदहा मीटर दोर सोडला. खरी उंची आहे सव्वादोन मीटर, म्हणजे प्रत्यक्षात तुम्ही पाचपटही सोडलेला नाही. ‘इथं तर कमरेएवढंच पाणी आहे’ म्हणत दोन हात दोर सोडून निवांत बसणाऱ्यांची बोट तासाभरानं त्याच पक्ष्यांच्या थव्यात जाऊन शिरते, ती यामुळेच.

आता सुरुवातीचे 5.8 मीटर घ्या आणि सातनं गुणा. चाळीस मीटर झाले. शून्य टक्क्याला जो दोर बरोबर होता, धरण भरल्यावर त्याच जागी त्याहून चाळीस मीटर जास्त लागतो. त्यामुळे उजनीसाठी बोट घेणाऱ्यानं पन्नास मीटरच्या खाली दोर घेऊच नये, असं माझं मत आहे. पन्नास मीटर घेऊनही भरल्या धरणात सात मीटरपेक्षा खोल जागी नांगरायचा मोह टाळावा. काठाजवळच्या उथळ पाण्यात या.

खोली मोजायला यंत्रच हवं असं नाही. बारीक दोरीला किलोभर वजन बांधा, दर मीटरला गाठ मारा आणि तळाला टेकेपर्यंत सोडा. नांगराच्या दोरावरही दर पाच मीटरला रंगीत चिंधी घट्ट बांधून ठेवा. नाहीतर ‘बराच सोडलाय’ हे एकच माप उरतं आणि ते प्रत्येकाचं वेगळं असतं.

कोकणात कधी बोट घेऊन गेलात तर हिशेबात भरती येते. मुंबईच्या किनाऱ्याला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार ते पाच मीटरचा फरक पडतो. तिथं दोर नेहमी भरतीच्या खोलीवर मोजायचा आणि ओहोटीला बोट तळाला टेकणार नाही ना, तेही पाहायचं. उजनीत ही कटकट नाही. पुण्याकडच्या धरणांतून पाणी सुटलं तरी दोन-तीन तासांत पातळी एवढी चढत नाही. फुगवट्याच्या वरच्या टोकाला, जिथं भीमेचं पात्र अरुंद आहे, तिथं मात्र प्रवाह चांगलाच जाणवतो. तिथं बोट वाऱ्याऐवजी प्रवाहाकडे तोंड करून उभी राहते.

साखळी आणि दोर

नांगर आणि दोर यांच्यामध्ये साखळीचा एक तुकडा लागतो. बोटीच्या लांबीएवढा, म्हणजे पाच-सहा मीटर पुरतो. 6 मिलिमीटरची साखळी मीटरला सुमारे 800 ग्रॅम भरते. ती आपल्या वजनानं तळावर पडून राहते, त्यामुळे दांड्याला मिळणारी ओढ आणखी आडवी होते. बोटीला हिसका बसला की आधी साखळीची झोळ उचलली जाते आणि धक्का नांगरापर्यंत हलका होऊन पोचतो. दुसरा फायदा उजनीत विशेष मोलाचा आहे. तळाच्या दगडांवर आणि पडक्या भिंतींच्या कोपऱ्यांवर दोर घासून कातरला जातो, साखळीला त्याचं काही होत नाही.

दोर नायलॉनचाच घ्या, 10 मिलिमीटरचा. बळासाठी त्याहून बारीकही चालला असता, पण ओल्या हातांनी बारीक दोर ओढताना तळवे सोलून निघतात. नायलॉन ताणला जातो आणि लाटेचा हिसका स्वतः पोटात घेतो. बाजारात पिवळा-निळा प्लॅस्टिकचा दोर स्वस्त मिळतो तो टाळा. तो पाण्यावर तरंगतो, त्यामुळे सैल पडला की इंजिनच्या पंख्यात गुंततो आणि ओढीचा कोनही बिघडवतो. उन्हानं त्याचे धागे ठिसूळ होतात, आणि सोलापूरचं ऊन काय असतं हे आपल्याला सांगायला नको.

दोराचं दुसरं टोक बोटीला आधी बांधा, मगच नांगराला हात लावा. हे वाचायला हास्यास्पद वाटतं, पण नांगर, साखळी आणि सगळा दोर सुळकन पाण्यात जाऊन टोकही दिसेनासं होणं हा प्रकार जगातल्या सगळ्या पाण्यांवर घडतो.

कोणता नांगर

छोट्या बोटींसाठी सगळ्यात जास्त चालतो तो डॅनफर्थ पद्धतीचा: दोन लांब चपटे फाळ, मध्ये हलणारा दांडा, घडी घालून ठेवता येणारा. रिचर्ड डॅनफर्थ या अमेरिकन माणसानं तो 1940 च्या सुमारास काढला आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटींवर तो वापरला गेला. वजनाच्या मानानं त्याची पकड जबरदस्त असते, विशेषतः वाळूत आणि मऊ चिखलात. पंधरा-सोळा फुटी बोटीला चार किलोचा पुरतो. त्याची उणीव एकच. वारा उलट फिरला आणि तो उपटला गेला, तर फाळांमध्ये काळ्या मातीचा गोळा अडकून तो पुन्हा रुतत नाही, तळावरून नुसता घसरत जातो.

दुसरा सीक्यूआर. त्याचा फाळ थेट शेतातल्या नांगराच्या वळणाचा आहे. तो 1933 साली केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी काढला. द्रवांच्या प्रवाहावर मूलभूत काम केलेला माणूस, पण शिडाच्या बोटीचा शौकीन. वारा फिरला तर हा नांगर तळातल्या तळात वळतो, त्यामुळे रात्रभर उभं राहणाऱ्यांना आवडतो. आपल्या दोन-तीन तासांच्या कामासाठी तो जड आणि महाग पडतो. पंजाच्या आकाराचा ब्रूस दगड-मातीच्या मिश्र तळात बरा चालतो. छत्रीसारखा दिसणारा गोल नांगर फक्त मऊ चिखलात आणि तोही अगदी हलक्या होडीला चालतो.

पण उजनीत मी या सगळ्यांच्या जोडीला आणखी एक वस्तू ठेवायला सांगेन: चार-पाच आकड्यांचा गळ. विहिरीत पडलेली कळशी काढायला जो वापरतात तसाच, फक्त मोठा. वेल्डिंगवाल्याकडून 8 मिलिमीटरच्या सळईचा करून घ्या. आकडे मुद्दाम फार जाड नकोत. दगडांच्या आणि खोडांच्या तळात डॅनफर्थचा उपयोग नसतो, तिथं हा गळ अडकून बसतो. आणि कायमचा अडकलाच तर इंजिनाच्या जोरानं ओढल्यावर सळई सरळ होते आणि गळ सुटून येतो. घरी आणून हातोडीनं पुन्हा वाकवा. वादळात मात्र याच्यावर विसंबू नका. जो मुद्दाम वाकण्यासाठी केला आहे तो नको तेव्हाही वाकतो.

तळाशी काय आहे

समुद्राचा तळ आपण होऊन तयार झालेला असतो. उजनीचा तळ म्हणजे कुणाची तरी जमीन आहे. धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि भीमेच्या दोन्ही काठची गावं पाण्याखाली गेली. त्या पाण्याखाली आजही शेताचे बांध आहेत, विहिरींची कडी आहेत, घरांचे पाये आहेत, बाभळींची खोडं आहेत. पाणी फार उतरलं की इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं आणि लोक ते पाहायला गर्दी करतात. नांगर टाकणाऱ्यानं हेच ध्यानात ठेवावं, की मंदिर वर आलेलं दिसतं, बाकीचं सगळं तसंच खाली आहे.

गाळ आणि काळ्या मातीचा तळ नांगराला उत्तम. डॅनफर्थ त्यात हातभर खोल जातो. मुरूम आणि खडकावर तो घसरतो. बाभळीच्या खोडात तो इतका पक्का बसतो की निघत नाही. हे आधी कळायचं कसं? उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असताना काठानं एक फेरी मारा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पावसाळ्यानंतर त्यांचा नकाशासारखा उपयोग होतो. आणि त्या त्या गावच्या मच्छीमाराला विचारा. ‘मामा, हितं खाली काय हाय?’ एवढा एक प्रश्न नांगर वाचवतो. कुगाव, केत्तूर, जिंती या करमाळ्याच्या पट्ट्यात पिढीजात पाण्यावर वावरणारी माणसं आहेत. कोणत्या मळ्याची विहीर कुठं बुडाली, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं.

काही जागा मात्र चांगला तळ असूनही वर्ज्य. धरणाची भिंत, दरवाजे, पाणीपुरवठ्याच्या जॅकवेलचा परिसर, होड्यांची ये-जा असते तो मार्ग, मासळीचे पिंजरे आणि लावलेली जाळी यांच्या जवळ जाऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काठावरच्या शेतकऱ्यांच्या मोटारी. पाणी हटेल तशा मोटारी पुढं सरकवल्या जातात, त्यांच्यामागून पाइप आणि विजेची केबल पाण्यातून किंवा पाण्याच्या कडेनं गेलेली असते. त्या केबलमध्ये नांगर अडकला तर जिवाशी गाठ आहे. काठावर स्टार्टरची पेटी, खांब किंवा काळा पाइप दिसला की तिथून सरळ लांब जायचं.

जलपर्णीचाही विचार करा. वाऱ्याबरोबर सरकत आलेला तिचा थर दोराला येऊन अडकला की नांगरावरची ओढ कितीतरी वाढते. वाऱ्याच्या दिशेला हिरवा पट्टा दिसत असेल तर जागा बदला.

टाकायचा कसा

आधी पाहा की नांगरून झाल्यावर बोट कुठं जाऊन उभी राहील. नांगर पडतो तिथं बोट राहत नाही, सोडलेल्या दोराच्या लांबीएवढी ती वाऱ्याखाली जाते. वारा फिरला की नांगराभोवती सगळा गोल फिरून येते. तेवढ्या गोलात दुसरी बोट, खोड, खडक किंवा काठ नको. आणि वारा ज्या काठाकडे ढकलतो आहे त्या काठाच्या अगदी जवळ नांगरू नये. नांगर सरकला तर सावरायला वेळच मिळत नाही. ज्या बाजूनं वारा येतो त्या काठाच्या आडोशाला थांबा, तिथं लाटाही कमी असतात.

जागा ठरली की बोटीचं तोंड वाऱ्याकडे करून हळू पुढं या आणि इंजिन न्यूट्रलला टाका. बोट थांबून मागं सरकायला लागली की नांगर हातानं अलगद खाली सोडा. सिनेमात दाखवतात तसा गरगर फिरवून फेकू नका. फेकलेल्या नांगराला साखळीचा वेढा बसतो, तो तळाला पोचतो पण फाळ काही तळात जात नाहीत. दोराच्या वेटोळ्यात आपला पाय नाही ना, हे सोडण्याआधी एकदा खाली पाहून घ्या. नांगर टेकल्याचं हाताला कळतं, ओढ एकदम थांबते. मग बोट वाऱ्यानं मागं जाईल तसा दोर सोडत राहायचं. तिप्पट दोर गेला की क्षणभर धरून हलका ताण द्या, म्हणजे फाळ खाली वळतील. मग ठरवलेला सगळा दोर सोडून पुढच्या खुंटीला बांधा आणि इंजिन रिव्हर्समध्ये अगदी मंद चालवा. दोर ताठ झाला पाहिजे आणि बोट जागीच थांबली पाहिजे.

बांधायचं पुढच्या खुंटीलाच. बोटीची मागची बाजू बुटकी असते, तिथंच इंजिनाचं वजन असतं. मागून नांगरलं की लाट सरळ आत येते. आत आलेलं पाणी मागंच साचतं, मागची बाजू आणखी खाली बसते आणि पुढची लाट आणखी सहज आत येते. बोट भरायला मग मिनिटंही लागत नाहीत. मासे धरताना बोट डुलू नये म्हणून काही जण एक दोर मागूनही टाकतात. शांत, बंदिस्त पाण्यात अनुभवी माणूस ते करतो. नवशिक्यानं करू नये, पूर्णविराम.

नांगर धरला आहे की सरकतो आहे, हे पाहायला काठावरच्या दोन वस्तू एका रेषेत पकडा. समजा पुढं विजेचा खांब आहे आणि त्याच्या बरोबर मागं एखाद्या देवळाचं शिखर. बाजूला दुसरी अशीच जोडी शोधा. थोड्या वेळानं खांब शिखरावरून बाजूला सरकला आणि वारा मात्र फिरलेला नाही, तर बोट चालली आहे. दुसरी खूण हातानं कळते: पाण्यात शिरणाऱ्या दोरावर तळवा ठेवा. रुतलेल्या नांगराचा दोर सावकाश ताणतो आणि सैलावतो. सरकणाऱ्या नांगराचा थरथरतो, तळावरचे खडे हाताला लागतात. मोबाईलमध्ये जीपीएसवर चालणारी नांगराचा इशारा देणारी ॲप मिळतात, तीही लावा. पण बॅटरीचा भरवसा किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. सरकत असेल तर आधी दोर वाढवा. तरी थांबलं नाही तर उचला आणि दुसरीकडे पुन्हा टाका. रुसलेला नांगर त्याच जागी बसेल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नसतो.

वळीव आला तर

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीननंतर पश्चिमेला ढगांचा काळा डोंगर उभा राहिला, की नांगराचा विचार सोडून काठाचा करा. 21 मे 2024 ला संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती बोट चालती होती, नांगराशी त्या दुर्घटनेचा संबंध नाही. पण आपलं पाणी किती वेळात बदलतं, हे त्या संध्याकाळनं दाखवून दिलं. उजनीचा फुगवटा लांबच लांब आणि बराचसा उथळ आहे. अशा पाण्यावर वाऱ्याला लाट उठवायला मोकळं रान मिळतं, आणि उथळ पाण्यातली लाट आखूड, उभी आणि फटाफट येणारी असते. छोट्या बोटीला ती समुद्राच्या लांब लाटेपेक्षा जास्त छळते.

वळवाची चाहूल ठरलेली. आधी वारा एकदम पडतो, उकडायला लागतं. मग ढगाच्या दिशेनं गार झोत येतो, काठावर धुळीचा पडदा दिसतो. हा झोत आधीच्या वाऱ्याच्या नेमका उलट येऊ शकतो. म्हणजे बोट अर्धा गोल फिरते आणि नांगराला मागून हिसका बसतो. डॅनफर्थचं वर सांगितलेलं दुखणं याच वेळी नेमकं उफाळतं. उकडायला लागलं, वारा पडला, तेव्हाच निघालात तर काठ गाठायला वेळ असतो. धूळ दिसल्यावर बहुधा नसतो.

तरीही अडकलात तर सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालून, बंद लावून, बोटीच्या मध्यभागी खाली बसायचं. छप्पर पाडून ठेवायचं. शिल्लक असेल तो सगळा दोर पुढून सोडायचा, इंजिन चालू ठेवायचं आणि नांगर सरकायला लागला तर तोंड वाऱ्याकडे राहील एवढीच गती द्यायची. नांगर इथं बोटीचं तोंड लाटेकडे धरून ठेवतो, हा त्याचा मोठा आधार. विजेवर मात्र त्याचा काही इलाज नाही. उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच तुम्हीच असता.

काढायचा कसा

इंजिन हळू चालवत बोट नांगराच्या दिशेनं न्या आणि सैल पडणारा दोर आत घेत राहा. बोट नांगराच्या बरोबर वर आली की दोर उभा होतो. तो खुंटीला आखूड बांधून थोडं थांबा. लाटेनं बोटीचं तोंड वर उचललं की नांगर सुटतो. हातानं जोर लावून कंबर धरून घेऊ नका. वर आलेला नांगर पाण्यातच दोन-चारदा बुचकळा, नाहीतर उजनीचा काळा गाळ बोटीभर होतो आणि त्याचा वास कपड्यांतून जाता जात नाही.

खोडात अडकला असेल तर बोट पुढं नेऊन आधीच्या ओढीच्या उलट दिशेनं खेचून पाहा, बरेचदा तेवढ्यानं निघतो. दोर मागच्या बाजूला बांधून इंजिनाचा जोर मात्र लावू नका, बोट मागून पाण्याखाली ओढली जाते. जिथं खोडं आहेत हे माहीत आहे तिथं आधीच तयारी करा. नांगराच्या डोक्याला, म्हणजे फाळ जिथं दांड्याला जोडलेत तिथं, एक बारीक दोरी बांधा. तिच्या दुसऱ्या टोकाला पाच लिटरचा रिकामा कॅन. नांगर अडकला की कॅन पकडून ती दोरी ओढायची, फाळ उलट दिशेनं निघून येतात. काहीच जमलं नाही तर दोर कापा. त्यासाठी धारदार सुरी बोटीत पुढच्या बाजूला हाताशी हवी, डब्यांच्या पिशवीच्या तळाशी नको. कापायच्या आधी टोकाला कॅन बांधा आणि जागेची नोंद मोबाईलवर करा. पाणी खाली गेल्यावर नांगर चिखलात पडलेला सापडायची बरीच शक्यता असते.

परवानगीचं दोन ओळींत. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे, तिथं बोट घालायची तर त्यांची परवानगी लागते. इंजिनाच्या बोटीला 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी लागते. रात्री नांगरून थांबायचं तर चारी बाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा हवा. मात्र छोट्या बोटीनं धरणात रात्र काढूच नये, असं मला वाटतं.

घरी आल्यावर दोर स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा. बोटीच्या पुढच्या कडेवर तो जिथं घासतो तेवढ्या भागात बागेच्या पाइपचा हातभर तुकडा चढवून ठेवा आणि ती जागा दर खेपेला बोटानं चाचपून पाहा. नांगर आणि साखळी जोडणाऱ्या शॅकलची खीळ आपोआप सैल होते, म्हणून तिच्या भोकातून तारेचा एक वेढा घालून पिळून टाका.